आजेसासऱ्यांचे पदक

पदक हरवले आहे हे चष्मेवाल्यांना कळले ते भर दुपारी, अक्कांचा फोन ठेवल्या ठेवल्या. अक्का म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण. "येत्या रविवारी सगळं माहेर जमतंय, भाऊजी. आमच्या आजोबांचं पदक तेवढं काढून ठेवा, मी न्यायला येते," एवढेच त्या म्हणाल्या होत्या. चष्मेवाल्यांनी बायकोचे कपाट उघडले. ती गेल्यापासून ते त्यांनी फारसे उघडले नव्हते. कपड्यांच्या घडीखाली पितळेची डबी होती. डबीत निळ्या मखमलीचा तुकडा होता आणि मखमलीवर काहीही नव्हते.

त्यांनी मखमल उलटी केली. डबी कानाशी धरून हलवली. मग कपाट रिकामे करून ते जमिनीवर बसून राहिले.

जन्मभर त्यांनी लोकांना चष्मे करून दिले आणि जन्मभर स्वतःचा चष्मा शोधला. छत्र्या हरवल्या, किल्ल्या हरवल्या, पिशव्यांची तर गणतीच नव्हती. एकदा बसस्टँडवर त्यांनी साक्षात अक्का हरवल्या होत्या. दर वेळी बायको एकच वाक्य म्हणायची, "आमच्या आजोबांनी लढाईवर टाचणीसुद्धा हरवली नाही!" हे आजोबा पहिल्या महायुद्धात गेले, शत्रूच्या वेढ्यात एकटे घुसले आणि पदक घेऊन परत आले. भिंतीवर त्यांचा फोटो होता, छातीवर हात ठेवलेला. "त्यांनी वेढा फोडला," बायको म्हणायची, "आणि तुम्ही भाजी आणायला जाता आणि भाजीसकट पिशवी ठेवून येता."

त्या डबीला तिने त्यांना कधी बोट लावू दिले नव्हते. आणि ती गेल्यावर घराला रंग दिला तेव्हा कपाट बाहेरच्या खोलीत कोणी ओढले? त्यांनीच. रंगारी आले-गेले, रद्दीवाला आला-गेला. तिची म्हणून सांभाळायची एक वस्तू होती, तीही त्यांना सांभाळता आली नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी अक्कांचा पुन्हा फोन. "काढलं का पदक?"

"पॉलिशला दिलंय," चष्मेवाले बोलून गेले.

"पॉलिशला? तुम्ही? पावती कुठाय?"

"खिशात."

"म्हणजे गेली," अक्का म्हणाल्या.

लेकीने बापाला धीर दिला. "बाबा, हरवलेल्या पदकाच्या जागी दुसरं मिळतं. जुन्या लष्करी नोंदींचं ऑफिस आहे, तिथं अर्ज करा. मावशीला कळायच्या आत डबीत पदक!"

ते ऑफिस म्हणजे लोखंडी मांडण्यांचे जंगल होते. काउंटरवर एक बाई होत्या. त्यांच्या चष्म्याची डावी काडी लटकत होती आणि बोलताना त्या ती एका हाताने धरत.

"शिपायाचा नंबर?" बाईंनी विचारले.

"तो नाही माहीत."

"पलटण कुठली?"

"फार शूर होती असं ऐकलंय."

बाईंनी पेन खाली ठेवले. "तुमचे कोण हे?"

"आजेसासरे."

"मग नाही चालणार, काका. शिपायाच्या मुला-नातवंडांनाच फाइल दाखवतो आम्ही. नाहीतर त्यांची सही आणा."

चष्मेवाल्यांनी सवयीने खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बाईंच्या चष्म्याची काडी घट्ट करून दिली. बाईंनी दोन्ही हात सोडून इकडेतिकडे पाहिले, खूश झाल्या आणि म्हणाल्या, "थँक्यू. सही मात्र लागेलच."

नातवंडांत आता उरल्या होत्या त्या अक्काच. आता पदक हरवले हे न सांगता अक्कांची सही कशी घ्यायची? चष्मेवाल्यांनी रस्ताभर विचार केला आणि अक्कांच्या दारात उभे राहून सांगितले, "आजोबांच्या पराक्रमाची सरकारी नोंद काढतोय. तुमची सही हवी."

अक्कांनी सही केली आणि डोळ्याला पदर लावला. "आमच्या बहिणीनं तुमच्यात काय पाहिलं ते मला आज कळलं," त्या म्हणाल्या.

इथपर्यंत ठीक होते. पण अक्का डोळे पुसून झाले की स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी रविवारचा बेत मोडून महिनाभर पुढे ढकलला. "घरात कशाला? हॉल घेऊ. सरकारी कागद भाऊजी सगळ्यांसमोर वाचतील आणि मग पदक दाखवू." भाच्याने हॉल ठरवला. निवृत्त हेडमास्तर अध्यक्ष म्हणून यायला तयार झाले. फोटो मोठा करायला गेला. चष्मेवाल्यांना गुपचूप एक पदक हवे होते, तर त्यांच्या गळ्यात जाहीर भाषण पडले.

"बाबा, तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?" लेकीने विचारले.

"अक्कांना?" चष्मेवाले म्हणाले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ऑफिसातून निरोप आला. फाइल सापडली होती. चष्मेवाले तिथे पोचले तेव्हा नोंदवाल्या बाई ती हातात घेऊन आल्या, पण त्यांचा चेहरा काही अभिनंदनाचा नव्हता.

"काका, आधी बसा. आणि इथं सही करा. फाइल जो वाचतो त्यानं आतल्या चिठ्ठीवर सही करायची, अशी पद्धत आहे."

चष्मेवाल्यांना चष्मा सापडेना. बाईंनी बोट ठेवले तिथे त्यांनी अंदाजाने सही ठोकली. "कपाळावर आहे," बाई म्हणाल्या. मग चष्मेवाल्यांनी चष्मा खाली ओढला आणि ते वाचायला लागले.

आजोबा लढणाऱ्या पलटणीत नव्हते, खेचरे हाकणाऱ्यांत होते. हे एक वेळ चालले असते. पण पुढे शिक्षांची नोंद होती. कांबळे हरवले. पाण्याची बाटली हरवली. बूट हरवला, फक्त डावा. नवीन जोड दिला, त्यातलाही एक हरवला, या वेळी उजवा. आणि मग ठळक अक्षरांत: खेचर एक, धान्य लादलेले, वाटेत हरवले.

चष्मेवाल्यांनी पान उलटले. हरवलेले खेचर आपल्या मनाने डोंगर उतरून वेढ्यात अडकलेल्या तुकडीपाशी पोचले होते. तुकडी उपाशी होती. खेचराला शोधत, हाका मारत, आजोबाही मागोमाग तिथे पोचले. आपण शत्रूच्या मधून चालत आलो हे त्यांना तिथे गेल्यावर कळले. तुकडीच्या साहेबाने खुशीत येऊन शिफारस केली आणि आजोबांना पदक मिळाले. खालची ओळ अशी: पदक हरवले. दुसरे दिले. दुसरेही हरवले. तिसरे देऊ नये.

"म्हणजे आता मिळणार नाही?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"नाही. हुकूम अजून लागू आहे," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. आजोबांनी दोन्ही पदके हरवली. तिसरे मिळाले नाही. म्हणजे फोटोतला तो छातीवरचा हात अभिमानाने ठेवलेला नव्हता, रिकामी जागा झाकायला होता. आणि म्हणजे डबीत पदक कधी नव्हतेच!

"मी नाही हरवलं!" ते ओरडले. वाचनाच्या खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. "अहो, मी नाही हरवलं!"

"शू!" बाई म्हणाल्या, पण हसत.

जन्मात पहिल्यांदा एखादी वस्तू त्यांनी न हरवता हरवली होती. उद्या भर हॉलमध्ये हे सगळे वाचायचे असे त्यांनी ठरवले. कांबळे, बाटली, बूट, खेचर, एकही सोडायचे नाही. अक्कांचा चेहरा बघायचा! खुशीत त्यांनी फाइल मिटायला घेतली आणि आतल्या चिठ्ठीवर नजर गेली. आपली सही कुठे पडली ते त्यांना बघायचे होते. ती नेहमीसारखी रेघ सोडून तिरकी गेली होती. तिच्या वरच्या रेघेवर आणखी एक सही होती, सरळ, ठसठशीत, माहेरच्या आडनावासकट.

ती त्यांच्या बायकोची होती.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सहीपुढे तारीख होती. तारीख जुनी होती, पण त्यांना ते वर्ष चांगले आठवत होते. त्याच वर्षी, त्या तारखेनंतर थोड्याच दिवसांनी, त्यांनी घराची किल्ली हरवली होती. दोघे पायरीवर बसले होते, कुलूपवाल्याची वाट बघत, आणि ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "आमच्या आजोबांनी लढाईवर टाचणीसुद्धा हरवली नाही!"

म्हणजे खेचर तिला ठाऊक होते. दोन्ही बूट ठाऊक होते. रिकामी डबी तर ती रोजच सांभाळत होती. आणि तरी पायरीवर बसून तिने चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नव्हती.

"काय झालं, काका?" बाईंनी विचारले.

"काही नाही," चष्मेवाले म्हणाले. "फसवलंन मला."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. मोठ्या केलेल्या फोटोत आजोबा छातीवर हात ठेवून उभे होते. शेजारी लेकीने आईचाही फोटो ठेवला होता. चष्मेवाले उभे राहिले, खिसे चाचपले, टेबलाखाली बघितले.

"कपाळावर!" पहिल्या रांगेतून अक्का ओरडल्या. लोक हसले.

चष्मेवाल्यांनी फाइलच्या झेरॉक्सची घडी उघडली. वरच कांबळे होते, बाटली होती. त्यांनी मान वर करून एकदा बायकोच्या फोटोकडे पाहिले आणि वरची दोन पाने सोडून दिली. "हा शिपाई," त्यांनी वाचले, "धान्यासह वेढ्यात एकटा पोचला आणि उपाशी तुकडी वाचली." खेचराचे नाव काढले नाही. टाळ्या बराच वेळ वाजल्या. हेडमास्तरांनी दोनदा वाजवल्या.

"आता पदक दाखवा!" भाचा म्हणाला.

चष्मेवाल्यांनी कागदाची घडी केली. खिशात त्यांची सुटका होती, सरकारी अक्षरांत.

"पदक माझ्या हातून हरवलं," ते म्हणाले.

अक्का उठल्या. "मला फोनवरच कळलं होतं. पॉलिशची पावती नव्हतीच ना?"

"नव्हती."

"तरी मी तिला सांगत होते, ह्या माणसाच्या घरात ते ठेवू नकोस. अहो, आमच्या आजोबांनी लढाईवर टाचणीसुद्धा–"

"हरवली नाही," चष्मेवाले म्हणाले.

अक्कांचा आवाज थेट बहिणीसारखा होता. हे वाक्य घरात कोणी बोलले त्याला वर्ष उलटून गेले होते. चष्मेवाल्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. अक्का दम खायला थांबल्या तेव्हा ते म्हणाले, "बोला ना, अक्का. मी ऐकतोय."

घरी आल्यावर त्यांनी डबी जागेवर ठेवली आणि नोंदींची झेरॉक्स तिच्याखाली सरकवली. कपाटाला कुलूप लावले. किल्लीला दोरी बांधून ती गळ्यात घातली.

बायकोला "सापडलीस!" असे तोंडावर म्हणायचे मात्र राहून गेले.