भावी अध्यक्षांचे पंचाहत्तर दिवस

अठरा ऑक्टोबरला दुपारी चार वाजता पद्माकर साळवे जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या आपल्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून एकतीस विरुद्ध एकोणतीस मतांनी निवडून आला. चार वाजून दहा मिनिटांनी त्याने मंडळाच्या कपाटाच्या किल्लीसाठी हात पुढे केला. मावळते अध्यक्ष यादवराव यांनी त्या हातावर पेढा ठेवला.

"किल्ली एक जानेवारीला," यादवराव म्हणाले. "कलम नऊ."

कलम नऊ पद्माकरनेच लिहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो याच फरकाने हरला, तेव्हा यादवरावांनी त्याच संध्याकाळी, ताटं धुऊन व्हायच्या आत, वर्षभराचे सगळे कार्यक्रम ठरवून टाकले होते. पद्माकरला ते इतकं झोंबलं, की तो घटना समितीवर गेला. "अमेरिकेत निवडून आलेला माणूस अडीच महिने थांबतो. आपल्यालाच कसली घाई?" असं म्हणत त्याने कलम घातलं: मावळत्या अध्यक्षाने नव्या वर्षासाठी सही करू नये, नव्या अध्यक्षाने नव्या वर्षाआधी सही करू नये. नोटरीकडे जाऊन, कोर्टाच्या रजिस्टरमध्ये नोंदवून ते असं पक्कं केलं, की पुढे कोणी हलवू नये. पद्माकर पेशाने केमिस्ट; त्या काटेकोरपणाचा तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला होता.

"म्हणजे निवडून आलात, पण लागू झाला नाहीत," घरी गेल्यावर अरुंधती म्हणाली.

"पंचाहत्तर दिवसांचा प्रश्न आहे."

मुलगी उर्जा सोफ्यावरून न उठता म्हणाली, "पापा, नॉख निष्ट." म्हणजे अजून नाही. जर्मनीत वाढलेली मुलं मराठी समजून घेतात, पण उत्तर असं देतात, की वाद घालायला जागा उरत नाही.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले, हे कबूल केलं पाहिजे. भावी अध्यक्षाचं सगळे अभिनंदन करतात आणि तक्रार कोणीच करत नाही. पद्माकर भेटेल त्याला शब्द देत सुटला. पहिला कार्यक्रम तीन जानेवारीचा, सावित्रीबाईंची जयंती. डॉक्टरेट करणाऱ्या शमिकाला त्याने वीस मिनिटांचं भाषण दिलं. प्राचीला गाणं दिलं. आणखी चौघांना आभार मानायचं काम दिलं, आणि चौघांनाही ते एकट्यालाच मिळाल्याचं सांगितलं. स्वतःसाठी सात पानांचं अध्यक्षीय भाषण लिहिलं. मग कोणीतरी विचारलं, "हॉल घेतलाय ना?"

वस्तीचा सामाईक हॉल ब्रांट यांच्या ताब्यात होता. हेर ब्रांट तिथले हाउसमाइस्टर, म्हणजे रखवालदार, व्यवस्थापक आणि सर्वोच्च न्यायालय. जानेवारीचे अर्ज तीस नोव्हेंबरपर्यंत, मंडळाच्या अध्यक्षाच्या सहीने. पद्माकरने सही केली. ब्रांट यांनी चष्मा लावून अध्यक्षांच्या यादीवरून बोट फिरवलं.

"हेर साळवे, तुम्ही इथे नाही."

"मी निवडून आलोय. एक जानेवारीपासून मीच."

"मग एक जानेवारीला या."

"एक जानेवारीला तुम्ही असता?"

"एक जानेवारीला बंद असतं."

"मग?"

"मग तीस नोव्हेंबरच्या आत या," ब्रांट समजुतीने म्हणाले.

शेवटी पद्माकर यादवरावांच्या दारात उभा राहिला. त्यांचं घर हॉलच्या बरोबर समोर. कारखान्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांचं बोलणं हळू आणि वाचन जलद होतं.

"जय भीम, यादवराव. एक सही हवी होती."

"जय भीम. बसा. कशावर?"

"तीन जानेवारीच्या अर्जावर."

"अहो, नव्या वर्षासाठी मला सही करता येत नाही. इतकं स्वच्छ लिहिलंय तुम्ही. वाचून दाखवू?"

"नको. पाठ आहे."

"कलम बदलायला विशेष सभा बोलवायची तर चार आठवड्यांची नोटीस लागते."

"तेही मीच घातलंय," पद्माकर म्हणाला. "दोन आठवडे पुरत होते. मी म्हटलं, लोकांना विचार करायला वेळ मिळायला हवा."

"आल्झो, तर मग," यादवरावांनी चहा पुढे केला. "केला का विचार?"

पद्माकरच्या डोळ्यांसमोर शमिका, प्राची आणि आभार मानणारे चौघे उभे राहिले. पहिलाच कार्यक्रम झाला नाही, तर एकतीस मतांतली दोन कुठे जातील, हा हिशेब त्याला लगेच जमला. तेवढ्यात अर्जाच्या मागच्या बाजूला त्याचं लक्ष गेलं. वस्तीत राहणाऱ्याला हॉल घरगुती कारणासाठीही मिळत होता: लग्न, बारसं, वाढदिवस. पद्माकर राहायचा ऱ्हाइनपलीकडे, मानहाइमला.

"यादवराव, तीन जानेवारीला तुमचा वाढदिवस करू."

"माझा वाढदिवस एक जून."

"तो मास्तरांनी दिलेला ना? आमच्या अण्णांचाही एक जूनच. अख्ख्या वर्गाचा एक जून. खरा कधी?"

"आई सांगायची, शेकोटीपाशी कळा सुरू झाल्या. थंडी कडाक्याची. तारीख कोणाला माहीत?"

"मग तीन जानेवारी नव्हतीच, असं तुम्ही छातीठोक सांगू शकाल?"

घटनेचं पान न् पान जाणणाऱ्या माणसालाही यावर कलम सापडलं नाही. "अध्यक्ष म्हणून सही नाही करणार," ते शेवटी म्हणाले. "यादवराव म्हणून करतो."

ब्रांट यांनी अर्ज वाचला आणि पासपोर्ट मागितला.

"इथे एक जून आहे. वाढदिवस जानेवारीत कसा?"

पद्माकर घशातल्या घशात जर्मन शोधत राहिला. यादवरावांनी मात्र सगळं खरं सांगितलं: शाळेत घालताना तारीख विचारली, घरात कोणाला लिहिता येत नव्हतं, मास्तरांनी सगळ्यांना एकच तारीख दिली. आईला फक्त थंडी आठवत होती.

ब्रांट यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचा खरा वाढदिवस कधी साजराच झाला नाही?"

"नाही."

ब्रांट यांनी शिक्का असा मारला, की टेबलावरचा पेनांचा डबा आडवा झाला.

एक जानेवारीला पद्माकर अध्यक्ष झाला. त्या दिवशी तो पायजम्यात होता आणि ही घटना अरुंधतीशिवाय कोणी पाहिली नाही. तीन तारखेला दुपारी तो सात पानं घेऊन हॉलवर आला, तर दारावर मोठा फलक: 'हेर यादव यांचा पहिला वाढदिवस'. अक्षर ब्रांट यांचं. आत टाय लावलेले ब्रांट, बायकोने केलेला चीजकेक मांडीवर घेऊन, पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या खुर्चीवर.

"हे इथे कसे?" पद्माकरने विचारलं.

"मी बोलावलं," यादवराव म्हणाले. "माझा वाढदिवस आहे."

पद्माकर भाषणाला उभा राहिला. पहिलं पान मंडळाच्या भवितव्यावर होतं, ब्रांट छताकडे बघत होते. दुसऱ्या पानावर ओघात 'यादवराव' असं नाव आलं. ब्रांट यांना कळलेला तो पहिला शब्द. त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या, आणि पाहुण्याला एकटं पाडायचं नाही म्हणून सगळ्या हॉलने वाजवल्या. तिसऱ्या पानावर पुन्हा तेच. टाळ्यांची चटक फार वाईट. चौथ्या पानापासून पद्माकर नाव नसेल तिथेही 'यादवराव' घालू लागला. अरुंधतीने मोजलं: यादवराव एकोणीस वेळा, कलम नऊ एकदाही नाही. हे अध्यक्षीय भाषण मंडळाच्या इतिहासात सर्वांत गाजलं.

शमिकाच्या भाषणानंतर ब्रांट मंचावरच्या हार घातलेल्या तसबिरीकडे वळले. हळू आवाजात त्यांनी यादवरावांना विचारलं, "या तुमच्या आई?"

पद्माकरने जर्मन जुळवायला तोंड उघडलं. पण यादवराव सावित्रीबाईंकडे बघत होते.

"हो," ते म्हणाले. "इथल्या सगळ्यांची. अक्षरं आम्हाला यांनीच शिकवली."

ब्रांट उठून उभे राहिले आणि तसबिरीपुढे क्षणभर मान झुकवून बसले. त्यानंतर आभार मानायला चौघेही एकदम उठले आणि एकमेकांकडे बघून परत बसले. केक कापला गेला.

पाच वाजता हॉल परत द्यायचा होता. यादवराव झाडू घ्यायला वाकले, तशी ब्रांट यांनी झाडू काढून घेतला. "ज्याचा वाढदिवस, तो साफसफाई करत नाही. हा नियम आहे." त्यांनी चौफेर पाहिलं आणि झाडू पद्माकरकडे दिला.

अध्यक्षांनी हॉल झाडला, स्वयंपाकघर पुसलं, खुर्च्यांच्या दहा-दहाच्या चळती लावल्या. ब्रांट यांनी 'स्वच्छता पूर्ण' असा कागद पुढे केला. पद्माकरने सही केली. या वेळी ब्रांट यांनी यादी काढली नाही, कागद सरळ फाइलला लावला.

"चालली?" पद्माकरने विचारलं.

"चालली."

ट्रामची वाट बघताना त्याने त्या कागदाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'अध्यक्ष म्हणून माझी पहिली सही.' पहिलं उत्तर यादवरावांचं आलं.

'अभिनंदन. शेगडीच्या मागे पुसलंत का?'

पद्माकरने ट्राम सोडली आणि परत गेला.