तीन टेकड्या आणि पिवळी गोधडी

फोटोच्या बाबतीत मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगते. डोळे फसतात, हिस्टोग्राम फसत नाही. दादरच्या कॉलेजात दोन वर्षं मी फोटोग्राफी क्लबची सेक्रेटरी होते, त्यामुळे हे मी अधिकारानं बोलू शकते. निदान त्या मंगळवारी सकाळपर्यंत बोलू शकत होते.

माझी लेक तेव्हा पाच आठवड्यांची. तिचा बाबा निलेश मालवाहू जहाजावर. त्यानं तिला अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. जहाज बंदराला लागलं की त्याला नेटवर्क मिळे आणि मिळालं की त्याचा एकच प्रश्न असे, पोर पिवळी का दिसते, कावीळ तर नाही ना? कावीळ नव्हती. डॉक्टरांनी दोनदा तपासलं होतं. तिसऱ्यांदा नेली तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. पण लालबागच्या आमच्या खोलीत दिवसाही बल्ब लावावा लागतो, त्यामुळे फोटो पिवळेच येतात.

त्या दिवशी दुपारी बाराला निलेशचं जहाज बंदर सोडणार होतं. पुढे अठरा दिवस नेटवर्क नाही. त्याच्या जिवाला घोर नको म्हणून मी ठरवलं, आज अगदी खऱ्या रंगाचा फोटो पाठवायचा.

लेकीला गोधडीवर ठेवलं. निलेशच्या आजीच्या हळदी रंगाच्या लुगड्याची ही गोधडी. घरातलं प्रत्येक मूल निदान सव्वा महिना तिच्यावरच निजतं, त्यात तडजोड नाही. फोटो काढला आणि ॲपमध्ये हिस्टोग्राम उघडला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: फोटोत काळोख किती आणि उजेड किती, हे तो आलेख टेकडी काढून दाखवतो. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. टेकडी कडेच्या भिंतीला चिकटली की फोटो गेला. शिवाय लाल, हिरवी, निळी अशा रंगांच्या तीन टेकड्या असतात. त्या एकमेकींवर बसल्या की रंगांचा तोल साधला, असं मी क्लबात ज्युनिअर्सना शिकवायचे.

आमची निळी टेकडी डाव्या कोपऱ्यात बसली होती, रुसलेल्या नणंदेसारखी. मी तिला ओढत ओढत उजवीकडे आणली. वीस मिनिटांनी तिन्ही अशा जुळल्या, जणू एकाच साच्यातल्या करंज्या! स्क्रीनवर लेकही छान गुलाबी दिसत होती. फोटो निलेशला पाठवला, फॅमिली ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'हा तिचा खरा रंग.'

चार मिनिटांत डिलाईल रोडवरून निलेशच्या कुशाबाकाकांचा फोन आला. "काय झाला गो चेडवाक? टॅक्सी घेऊन येतंय." चेडू म्हणजे पोर. मी 'येतंय' एवढंच धरलं आणि मला वाटलं, कौतुकानं येताहेत. मी चहाचं आधण ठेवलं.

मग सासूबाई आल्या. त्या मसाला कुटायला डंकावर गेल्या होत्या. तिथून कोपरापर्यंत तिखट माखलेल्या हातांनी तीन जिने धावत चढल्या. त्या हातांनी पोरीला उचलता येईना. लांबूनच म्हणाल्या, श्वास चालू आहे का बघ, आणि जोरात शिंकल्या. लेक दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं. रडतेय म्हणजे आहे, असं म्हणत त्या तिखटाचे हात वर धरूनच खाली बसल्या.

"आई, झालंय काय?"

"निळी पडलीय ना ती? तूच टाकलायस फोटो. खरा रंग म्हणून."

"कुठे निळी? ही बघा, गुलाबी आहे."

तोवर काका पोचले होते. त्यांनी आपला फोन माझ्या फोनशेजारी धरला. माझ्या फोनवर लेक गुलाबी, त्यांच्या फोनवर कोवळ्या वांग्याच्या रंगाची. फोटो एकच.

बाळंतपणापासून डोळ्यांना त्रास नको म्हणून मी फोनचा स्क्रीन पिवळसर करून ठेवला होता, तोही शेवटच्या टोकापर्यंत. ते मी साफ विसरले होते. त्या पिवळ्या काचेतून जांभळी पोरही मला गुलाबीच दिसत होती. आलेख बिचारा खोटं बोलला नव्हता. फोटोत पिवळं फार आहे एवढंच तो सांगत होता. ते गोधडीचं आहे हे त्याला कोण सांगणार? आजेसासूबाईंच्या लुगड्याची हळद मी धुऊन काढली होती आणि तेवढी निळाई लेकीच्या गालांवर चढवली होती.

बाराला वीस मिनिटं असताना निलेशचा फोन आला. आवाज तुटत होता. "मी कॅप्टनशी बोललोय. उतरतोय मी."

मी त्याला हिस्टोग्राम समजावू लागले.

"मेघना, मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नकोस."

व्हिडिओ लावला तर नुसते चौकोन दिसत होते. मग मी घाईघाईनं मूळ फोटो पाठवला, काही न बदललेला. उत्तर आलं, 'आता पिवळी?' काका माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "खराच की. आता पिवळा झाला."

सासूबाई उठल्या. साबणानं तीनदा हात धुतले, पोरीला गोधडीवरून उचललं, गॅलरीत नेऊन काकांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "भावजी, हलू नका." काच तडकलेल्या आपल्या फोनवर त्यांनी एकच फोटो काढला, पाठवला आणि त्याखाली व्हॉइस मेसेज टाकला, "निल्या, बघ तुझी पोर. आता गप कामाला लाग."

दोन मिनिटं गेली. मग उत्तर आलं: 'दिसली. नाक माझं आहे.'

जहाज वेळेवर सुटलं.

काका चहा पीत असताना मी गुपचूप सासूबाईंच्या फोटोचा हिस्टोग्राम पाहिला. टेकडी उजव्या भिंतीवर चढून बसलेली, काकांचा पांढरा सदरा उजेडात पार नाहीसा झालेला. क्लबात असा फोटो मी कोणाला दाखवूही दिला नसता. अठरा दिवसांनी कळलं, निलेशनं तोच छापून केबिनमध्ये लावलाय. आलेखाचं मी त्याला काही बोलले नाही.

आता घरात फोटो सासूबाई काढतात. मी गोधडी बाजूला धरते.