डाफेकाका पास करतात

राजापेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळी दार उघडलं की लोक आधी आपल्या फाटकाकडे बघतात. फाटकाच्या बिजागरीवर, जिन्याच्या कठड्यावर, नाही तर स्कूटरच्या स्टँडवर खडूचा पांढरा गोल दिसला की समजायचं, डाफेकाका येऊन गेले. मग त्या घरातला पहिला चहा काकांना शिव्या देत होतो.

डाफेकाका माझे शेजारी. वय पंचाहत्तरच्या पुढे, पँट पोटाच्या वर, एका खिशात चिमुकली हातोडी आणि दुसऱ्या खिशात खडू. दिसेल त्या लोखंडावर ते हातोडीने टकटक करतात, कान लावून ऐकतात आणि नाक मुरडून गोल काढतात. गोल म्हणजे आत गंज आहे, दुरुस्त करा. "रंग खोटं बोलते बाप्पा, लोखंड नाई बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

कोपऱ्यावर एक ट्यूशन क्लास आहे. तिथल्या सरांनी लोखंडी जिन्याला झकास निळा रंग दिला. काकांनी त्यावर हातोडी मारली, तर ती पायरीतून आरपार गेली. सर भांडायला आले, "काका, चांगल्या जिन्याले भोक काहून पाडलं?" काका म्हणाले, "भोक होतंच. तुमी त्याच्यावर रंग लावला, म्या तो काढला." सर तणतणत गेले, पण आठ दिवसांत नवा जिना लागला. त्या जिन्यावरून रोज दोनशे पोट्टे धावतात, हे काही सरांनी नंतर कुठे बोलून दाखवलं नाही.

काका मूळचे शेंदूरजनाघाटचे. घरी संत्र्याचा बगीचा. पोहायचं तर विहिरीत, एवढाच पाण्याशी संबंध. असा मुलगा जहाजबांधणी शिकून मुंबईला जहाजं तपासणाऱ्या संस्थेत लागला. ही संस्था काय करते, हे काकांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन. जहाज एकाचं असतं, त्यातला माल दुसऱ्याचा, जीव खलाशांचा आणि विमा भलत्याचाच. मालक म्हणतो जहाज ठणठणीत आहे, कारण त्याला ते लवकर हाकलायचं असतं. म्हणून ज्याचं त्यात काहीच अडकलेलं नाही असा एक माणूस लागतो. तो जहाजाच्या पोटात शिरतो, पत्रा किती झिजला ते मोजतो, पंप बघतो, जीव वाचवायच्या होड्या खाली सोडून बघतो. सगळं बरं असेल तर जहाजाला 'क्लास' मिळतो. क्लास नसेल तर विमावाला उभं करत नाही आणि बंदरवाला चोरासारखं बघतो. बारीक खोट असेल तर जहाज कंडिशनवर सोडायचं: अमुक तारखेच्या आत दुरुस्त करा, नाही तर क्लास गेला.

निवृत्त होऊन काका अमरावतीला आले. दोन वर्षांत काकू गेल्या आणि हातोडीला धरबंद राहिला नाही. लग्नाच्या मांडवात अक्षता पडायच्या आधी काका खांब हलवून बघतात. एकदा माझ्याकडे चहाला आले आणि कुकरच्या मुठीवर त्यांची नजर गेली. "हे ढिलं हाये वं. कंडिशनवर सोडतो," म्हणून त्यांनी कुकरवर खडूने पंधरा दिवसांनंतरची तारीख घातली. मी विसरले. काका विसरले नाहीत. बरोबर त्या तारखेला ते दारात उभे, हातात स्क्रू ड्रायव्हर.

एवढा जहाजांचा माणूस म्हटल्यावर गल्लीतली पोरं समुद्राच्या गोष्टी ऐकायला जमायची. "काका, तुफान कसं राह्यते?" काका शांतपणे म्हणायचे, "मले काय मालूम? जहाज सुटाच्या आंधी म्या धक्क्यावर उतरो. बंदराबाहेर ट्रायलले नेलं का मले ओकाऱ्या सुरू." पोरं हिरमुसून क्रिकेटकडे वळायची. मलाही मोठी गंमत वाटायची. हजार जहाजांना जा म्हणाले आणि स्वतः कुठेच गेले नाहीत.

आता माझा संबंध. मी धारणीला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. सोमवारी सकाळी जायचं, आठवडा तिथल्या खोलीवर काढायचा, शनिवारी परत. बस आहे, पण गजूभाऊची जीप आमच्या कोपऱ्यावरून उचलते. पुढे मेळघाटातला घाट, रस्त्यात खड्डे की खड्ड्यांत रस्ता हे गजूभाऊलाच ठाऊक. साहजिकच दर सोमवारी डाफेकाका जीपखाली. बाहेर दिसायच्या फक्त त्यांच्या चपला.

जहाजाच्या अंगावर एक रेघ असते, ती पाण्याखाली गेली की भरणं बंद. जीपला पाणी कुठून आणणार? म्हणून काकांनी मागच्या बंपरला नऊ कड्यांची साखळी लटकवली. साखळी रस्त्याला टेकली की माणसं जास्त झाली, एक उतरवा. गजूभाऊला ही पीडा नको होती, पण काकांनी त्याची ब्रेकची गळती फुकटात शोधून दिली होती, त्यामुळे तोंड बंद. तिसऱ्या सोमवारी काका साखळीजवळ उकिडवे बसले.

"एक कडी कोठी गेली बे?"

"झिजली असन काका."

"अख्खी?"

गजूभाऊने मुकाट्याने खिशातून कडी काढून दिली. पण त्याला राग आला असावा. जीप सुरू करताना तो म्हणाला, "पास करता तुमी, बसतो आमी. एकदा बसा ना काका, घाट दाखवतो." जीपमधले सगळे हसले. मीही हसले. काका खडूचे हात पँटीला पुसत राहिले.

मला मात्र ते दर वेळी बजावायचे, "पोचली का मिस कॉल दे." हे एक लचांडच होतं. धारणीत रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीजवळ, म्हणजे सामान टाकून आधी टाकीपाशी जायचं. माझ्या फोनमध्ये काकांचं नाव मी 'जहाज' असं ठेवलं होतं. आणखी एक गंमत होती. दर सोमवारी निघताना काकांच्या स्वतःच्या दारावर खडूचा गोल दिसायचा. शनिवारी येऊन बघावं तर पुसलेला. एकदा मी म्हटलं, "काका, तुमच्या दारालाही गंज?" ते म्हणाले, "लाकडाले कायचा गंज? जाय तू, उशीर होते." मला वाटलं, म्हातारपणी माणूस स्वतःच्या दारालाही सोडत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. सोमवारी आम्ही धारणीला पोचलो आणि टॉवर बंद. सोमवार गेला, मंगळवार गेला, रेंज नाही. गजूभाऊसुद्धा साळ्याच्या लग्नासाठी जीप घेऊन धारणीतच थांबलेला. मला मिस कॉलची आठवण दोनदा झाली आणि दोन्ही वेळा, रेंज नाही तर मी काय करू, म्हणून मी ती झटकली.

बुधवारी अकराच्या सुमारास शिपाई वर्गात आला. "मॅडम, फाटकावर कोनी म्हातारा आला. फाटक ठोकून राहिला हातोडीनं."

मी धावतच गेले. काका फाटकाच्या खांबाला टेकून उभे होते. चेहरा पांढराफटक, शर्टावर ओकारीचे डाग. मला बघितलं आणि त्यांनी लगेच बिजागरीकडे नजर वळवली. "हे फाटक पास नाई होत," म्हणाले.

"काका, तुम्ही कसे आलात?"

"दुसऱ्या जीपनं. बावीस मानसं होते. साखळी नाई, काई नाई." मग म्हणाले, "गजूची जीप वापस नाई आली. फोन लागे नाई. स्टँडवर इचारलं तर म्हणते, येईन ना काका, जाते कोठी."

मी त्यांना वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. रागही आला होता आणि लाजही वाटत होती. काका पेला दोन्ही हातांत धरून बसले होते.

"एका जहाजाले क्लास देला होता," ते म्हणाले. "एकवीस मानसं. जाच्या आंधी त्यातल्या स्वयंपाक्यानं मले चहा पाजला. मंग चार दिवस त्या जहाजाचा निरोप नाई. रेडिओ बिघडला होता फक्त, जहाज पोचलं बराबर. पन ते चार दिवस... कागदावर सही माही होती ना वं. तवापासून मले पोचल्याचं समजल्याबिगर जेवन जात नाई. दारावरचा तुह्या नावाचा गोल तसाच होता सोमवारपासून. पुसता येईना."

रडू आलं, ते मी वर्गातल्या पोरांकडे पाठ करून आवरलं.

दुपारी गजूभाऊ परत निघणार होता. लग्नाचे पाहुणे कोंबून भरले होते. काका पुढे बसले तशी साखळी रस्त्याला टेकली. काकांनी मागे वळून काही म्हणायच्या आत गजूभाऊने स्वतःच्या मामेसासऱ्यांना हाताला धरून खाली उतरवलं. मामेसासरे फेट्यासकट रस्त्यावर उभे राहिले आणि गजूभाऊने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काका, पोचलात की मिस कॉल द्या," मी म्हटलं.

"रेंज कोठी हाये तुह्याकडं?"

"तरी द्या."

जीप वळणाआड गेली. खोलीवर आले, पर्समध्ये फळ्याचा खडू होता, तो काढला आणि दारावर गोल काढला. मग वह्या तपासायला घेतल्या आणि एकच वही तीनदा तपासली. घाटाची वेळ झाली, घाट संपायची वेळ झाली. सहाला पोचायला हवे होते. साडेसहाला मी टाकीपाशी जाऊन उभी राहिले. टॉवर मेलेलाच. तिथे उभं राहून मला पहिल्यांदा कळलं की आजवर मी टाकीपर्यंत चालत येण्याचा कंटाळा करत होते, तेव्हा राजापेठेत एक माणूस न जेवता बसलेला असायचा.

सव्वासातला टॉवर जिवंत झाला आणि फोन थरथरला. 'जहाज'च्या पाच मिस कॉलचे मेसेज एकदम आले. मी खोलीवर परत आले आणि तळहाताने गोल पुसला. नीट निघेना, म्हणून मग ओढणीने पुसला.