सुरीच्या शेजारी भाजलेला केक

बायकोच्या वाढदिवसाला यंदा स्वतःच्या हाताने घडवलेली सुरी द्यायची, असं हेडक्लार्कसाहेबांच्या मनाने घेतलं आणि तिथेच घराचे ग्रह फिरले. पेन्सिलीला टोक करताना बोट कापून घेणारा हा माणूस! त्याने बाल्कनीत भट्टी मांडली, भात्याच्या जागी बायकोचा हेअर ड्रायर लावला (तो पहिल्याच दिवशी धारातीर्थी पडला) आणि ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा लालबुंद करून ठोकायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरचे दोनदा वर येऊन भांडून गेले.

"अहो, एकच सांगते," बायको म्हणाली. "वाढदिवसाचा केक या सुरीने कापला गेला तर बाल्कनी तुमची. नाहीतर सगळं भंगारात."

साहेब इरेला पेटले. ऑफिसात त्यांना कुणी विचारत नव्हतं. त्या बाल्कनीत मात्र आपणही कुणीतरी आहोत असं त्यांना वाटायचं.

वाढदिवसाच्या दुपारी त्यांनी तापलेलं पातं तेलात बुडवलं. (तेल स्वयंपाकाचं होतं.) पातं कडक झालं, पण काचेसारखं ठिसूळ. आता ते दोन तास ओव्हनमध्ये शेकायचं, म्हणजे चिवट होतं. मधे दार अजिबात उघडायचं नाही, असं नाक्यावरच्या एका लोहाराने बजावलं होतं. ओव्हनमध्ये सासूबाई नुकताच केक ठेवत होत्या. साहेबांनी पातं त्याच्या शेजारी सरकवलं.

"जावईबापू, मी जरा पडते. अर्ध्या तासाने केक तेवढा काढा हं."

"तुम्ही अगदी निश्चिंत झोपा!"

अर्धा तास झाला आणि साहेबांपुढे धर्मसंकट उभं राहिलं. दार उघडावं तर पातं बिघडणार, न उघडावं तर केक. 'केकचं काय, जरा खरपूस होईल,' असं म्हणत ते ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसले.

पातं सुरेख सोनेरी होऊन बाहेर आलं. केकचा रंग सांगण्यासारखा नव्हता. त्यावर साहेबांनी घाईघाईने क्रीम फासलं. मग मूठ बसवली, धार लावली. कागद सर्रकन कापला गेला तेव्हा त्यांचा ऊर भरून आला.

संध्याकाळी बायकोने सुरी केकवर टेकवली. ती घसरली.

"अगं, जोर लाव!"

"लावतेय! तुम्हीच बघा."

साहेबांनी दोन्ही हातांनी रेटून पाहिलं. शेवटी बाल्कनी डोळ्यांसमोर आणून त्यांनी हातोडा उचलला आणि सुरीच्या पाठीवर हाणला. एक घाव, दोन तुकडे. सुरीचे. केकला ओरखडासुद्धा नाही. क्रीम तेवढं उडून साहेबांच्या चष्म्यावर बसलं.

"अर्ध्या तासाने काढला होतात ना?" सासूबाईंनी विचारलं.

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. भट्टी, ऐरण, हातोडा, सुरीचे तुकडे, सगळं पोत्यात गेलं. साहेबांना खरोखरच रडू येत होतं. जाता जाता भंगारवाल्याची नजर ओट्यावरच्या केकवर गेली. त्याने तो वाजवून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला.

"साहेब, हा धार लावायचा दगडपण द्यायचाय का?"

"तो राहू दे," बायको म्हणाली. "या घरात हाताने केलेली तेवढी एकच वस्तू टिकाऊ निघालीय."