टेनरची ओळ

गेला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. मी सकाळी चर्चच्या क्वायरच्या पांढऱ्या साड्यांना इस्त्री करत होते आणि शमुवेलसर दारात उभे राहून मला थांबवत होते. "एवढी कडक नको, रूथबाई. सुंदर नको, खरं पाहिजे." गाण्याचा नियम साडीलासुद्धा!

सर आमचे क्वायरमास्तर. मयतीला खिशात ट्यूनिंग फोर्क घेऊन जाणारा अख्ख्या नाशकात हा एकच माणूस. कुणी हंबरडा फोडला, की फोर्क गुडघ्यावर आपटायचा, कानाला लावायचा आणि शेजारच्याला सांगायचं, "कोमल धैवतावर पडली बघा." लासलगावला एका मयतीत मुलानं त्यांची कॉलरच धरली. "ओ मास्तर, मयत हाय ही, बँडची ऑर्डर नाय!"

सर म्हणाले, "सूर मात्र पक्का आहे हो तुमचा."

या असल्या रडण्यांतून त्यांनी उत्तम शुक्रवारसाठी एक विलापगीत रचलं. आवाज चार, बायकांचे सोप्रानो आणि अल्टो, पुरुषांचे टेनर आणि बास, पण एकदम कुणीच सुरू होत नाही. एक बाई रडत असताना दुसरी मध्येच रडायला लागते, तशा आम्ही अल्टोवाल्या सोप्रानोच्या ओळीत शिरायचो. खालून बासवाले पुरुष नुसते कण्हायचे. ताल नाही. श्वास संपला की ओळ संपली. आणि शेवटी सूर सा-वर यावा, तर तो येतच नाही.

"सर, सूर घरी कधी पोचायचा?" मी विचारलं.

"मयतीहून कोण घरी पोचतं हो?"

चौथी ओळ टेनरची, पुरुषांच्या उंच आवाजाची. ती त्यांनी कुणाला दिली नाही. शेवटी आम्ही सगळे थांबणार आणि ती ते एकटे म्हणणार. तालमीत विचारलं की एकच उत्तर, "ती त्या दिवशी." का, ते आम्हाला माहीत होतं. नाताळाआधी त्यांच्या बायकोला, एस्तेरबाईंना, मूठमाती दिली, तेव्हा सर कोरडे उभे होते. आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. "दगड आहे," लोक बोलले. तेव्हाचं राहिलेलं रडणं आता देवापुढे होणार होतं.

दुपारच्या उपासनेत आम्ही गायलो आणि थांबलो. सरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. हात वर तसाच. मग हात खाली आला आणि पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले, "आमेन."

बाहेर पुण्याचे एक पाहुणे सरांचा हात सोडेनात. "शेवटची ती शांतता! काय मॉडर्न शैली आहे तुमची!"

"थँक्यू," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "ती ओळ मला शिकवून ठेवा. पुढच्या वर्षी अडलात तर मी उचलेन."

"ओळ नाहीच, रूथबाई. रचलीच नव्हती. वाटलं होतं, उभा राहिलो की येईल."

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. साखर कुठे आहे, विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं. एस्तेरबाई गेल्यापासून बिनसाखरेचाच पीत होते. मी एकेक डबा उघडत गेले.