लिंबाच्या झाडास कारणे दाखवा नोटीस

बागेत काम एकट्याने करायचं असतं आणि बागेविषयी मत सर्वांनी द्यायचं असतं, हे जिथे जिथे बागा आहेत तिथे तिथे मान्य झालेलं आहे. आमच्या वसाहतीत तर ते इतकं मान्य आहे की त्यासाठी वेगळा ठराव करावा लागला नाही. (बाकी प्रत्येक गोष्टीसाठी करावा लागला. बागेतल्या बाकावर बसताना तोंड कोणत्या दिशेला असावं याचाही ठराव आहे. तो एकमताने मंजूर झाला, कारण त्या बैठकीला एकच मत हजर होतं.)

ते एक मत म्हणजे आमचे सेक्रेटरी. निवृत्त होताना कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्यांनी कचेरीची भाषा न विचारता घरी आणली. मुलं त्यांच्या मागे त्यांना 'ठरावकाका' म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात, पण आणखी थोडं मागे जाऊन. मी बाग उपसमितीचा इतिवृत्तलेखक आहे. बैठकीत जे बोललं जाईल ते मी लिहायचं आणि स्वतः अवाक्षर बोलायचं नाही, असा नियम आहे. हे पद मला चांगलंच मानवलं आहे.

प्रत्यक्ष बाग माळीबुवा सांभाळतात. माळीकामासारखं सुख नाही. सकाळी कुणी उठलेलं नसतं, पाय ओल्या मातीत असतात, पाइपातून पाणी धो धो येत असतं, आणि इतके दिवस नुसती माती दाखवणाऱ्या कुंडीतून एक हिरवं टोक वर आलेलं असतं. अशा वेळी माळीबुवा त्या टोकाकडे बघून एकटेच हसतात. हे सुख पाइपातलं पाणी बंद होईपर्यंत टिकतं. पाणी बंद होतं, कारण कुणीतरी गाडीचं चाक पाइपावर उभं केलेलं असतं.

मग फिरायला येणारे येतात. उपसमितीच्या पाहणीनुसार त्यांतले निम्मे लोक 'बुवा, पाणी जास्त होतंय' असं सांगतात आणि उरलेले निम्मे 'पाणी कमी पडतंय' असं सांगतात. काही जण पहिल्या फेरीत एक सांगतात आणि दुसऱ्या फेरीत दुसरं. माळीबुवा सगळ्यांना 'बरोबर आहे' म्हणतात, त्यामुळे त्यांच्या ज्ञानाविषयी वसाहतीत मोठा आदर आहे. याखेरीज त्यांच्या रोजच्या कामांचं स्वरूप साधारण असं:

अंगण झाडून पाठ वळताच पडलेली पानं ही झाडाची चूक की झाडणाऱ्याची, याचा खुलासा करणे.

लोक सुट्टीवर जाताना घरात कोंडून गेले त्या कुंड्या, लोक परत आल्यावर जिवंत करणे.

'फुले तोडू नयेत' या पाटीवर एक पाय देऊन उभ्या असलेल्या रहिवाशाला, हात पोचत नसल्यास, वरचं फूल काढून देणे.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा काळंठिक्कर पडलेलं रोप घेऊन आल्या.

"बुवा, हे हल्ली जरा मलूल दिसतंय हो."

बुवांनी रोप उलटसुलट करून पाहिलं. "काकू, हे गेलं."

"गेलं? कधी?"

"तुम्ही विकत घ्यायच्या आधीच गेलं असेल," बुवा म्हणाले. ते मनाने फार चांगले आहेत.

माळ्यांच्या धंद्यात फळ न देणाऱ्या झाडावर एक जुना उपाय आहे, आणि तो दोघांनी मिळून करायचा असतो. एकाने कुऱ्हाड घेऊन झाडापुढे उभं राहायचं, 'तोडतोच आता तुला' असं दरडावायचं आणि कुऱ्हाड उगारायची. दुसऱ्याने लगेच त्याचा हात धरायचा आणि 'राहू द्या, पुढच्या वेळी देईल' अशी रदबदली करायची. मग कुऱ्हाड खाली आणि दोघं आपापल्या कामाला. झाड भितं आणि फळ देतं, असं माळी सांगतात. आमच्याकडे दरडावण्याचं खातं बुवांकडे आणि रदबदलीचं त्यांच्या बायकोकडे आहे. तिला सगळी वसाहत मावशी म्हणते. (घरी दरडावण्याचं खातं मावशींकडे असतं. त्यामुळे झाडापुढे उभं राहणं बुवांना मनापासून आवडतं.)

एके सकाळी हा उपाय डाळिंबाच्या झाडावर चालला होता.

"तोडतोच आता तुला. पानं नुसती, कामाच्या नावाने शंख."

"अहो, राहू द्या. देईल की पुढच्या वेळी."

"दर वेळी हेच म्हणतेस तू."

"मग तुम्ही तरी दर वेळी नवीन काय म्हणता?"

सेक्रेटरी गॅलरीत दात घासत होते. त्यांनी हे सर्व पाहिलं आणि घासायचं थांबवलं. पुढच्या बहराला त्या डाळिंबाला खरोखर फळं लागली. (मावशींनी त्याच दिवशी बुंध्याशी घमेलंभर कुजलेलं खत घातलं होतं. पण तोवर सेक्रेटरी चूळ भरायला आत गेले होते.)

प्रशासन म्हणजे काय ते आम्हाला पुढच्या बैठकीत कळलं. सेक्रेटरींनी उपायाचा अभ्यास करून त्यातलं एक माणूस कमी केलं. "धाक हा या पद्धतीचा गाभा आहे," ते म्हणाले. "रदबदली हा त्या दोघांचा घरगुती भाग झाला. आपल्याला त्यात पडायचं कारण नाही." अशा रीतीने कुऱ्हाड मंजूर झाली आणि मावशी गळल्या. कुणी हरकत घेतली नाही. मी तसं लिहिलं.

मात्र सभ्य वसाहतीत एकदम कुऱ्हाड उगारत नाहीत. आधी नोटीस लागते. बागेतल्या प्रत्येक झाडाच्या गळ्यात (गळा नसल्यास फांदीला) प्लास्टिकच्या पिशवीत घालून नोटीस बांधण्यात आली. गुलाबाला पाकळ्या अपेक्षेपेक्षा कमी असल्याबद्दल, हिरवळीला असमान वाढीबद्दल, वेलीला पूर्वपरवानगीशिवाय दुसऱ्या मजल्यात शिरल्याबद्दल, आणि जास्वंदीला शेजारच्या इमारतीकडे तोंड करून फुलल्याबद्दल. मजकूर मीच लिहिला होता, म्हणून सांगतो, तो सुरेख होता: 'आपण वसाहतीचे पाणी, ऊन व माती यांचा दीर्घकाळ उपभोग घेत असून त्या प्रमाणात आपले योगदान दिसून येत नाही. तरी आपणांस का तोडण्यात येऊ नये, याचा खुलासा विहित मुदतीत करावा. खुलासा न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.'

कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. ऋतू बदलला तशी सगळी बाग फुलली. ती आदल्या वर्षीही फुलली होती, पण ते फुलणं नोटिशीशिवायचं असल्याने हिशेबात धरता येत नाही. अहवालात धोरणाचं यश ठळक अक्षरांत आलं. शेजारच्या वसाहतींतून लोक बघायला येऊ लागले आणि बागेत उभे राहून झाडांऐवजी नोटिशी वाचू लागले. माळीबुवांनाही एक काम वाढलं. आता पानांच्या आधी पिशव्या पुसाव्या लागत.

लवकरच नोटिशीचं वेड घरोघर पसरलं. चौथ्या मजल्यावर एका बायकोने नवऱ्याला नोटीस दिली, तर दुसऱ्या सकाळी तो उठून स्वतःहून इस्त्री करायला बसला. (त्याने कोणते कपडे जाळले याचा तपशील अहवालात घेतलेला नाही.) एका आईने मुलाला दिली. मुलाने खुलाशासाठी मुदतवाढ मागितली, आणि मुलगा कामाचा निघणार म्हणून घरात आनंद झाला. तळमजल्यावरच्या आजोबांनी आपल्या उजव्या गुडघ्याला नोटीस दिली आहे. त्याचा खुलासा अजून आलेला नाही, पण डावा गुडघा धाकात आहे, असं ते म्हणतात. ते दिवस फार मजेचे होते. जिन्यात भेटणारा माणूस 'कसे आहात' असं विचारायच्या आधी 'मुदत किती उरली' असं विचारी.

या सगळ्यात एका झाडाने मात्र धोरणाला दाद दिली नाही. बागेच्या मधोमध एक लिंबाचं झाड आहे. पानं अशी की चुरगळली तर हात दिवसभर वास देतो, पण लिंबू नावाला नाही. हे झाड मावशींनी लावलेलं. पिळून झालेल्या लिंबातली एक बी त्यांनी आधी डब्यात रुजवली, मग कुंडीत, मग इथे. थंडीत त्या झाडाला स्वतःची जुनी शाल गुंडाळत. बीपासून लावलेलं लिंबू उशिराच फळतं, असं बुवांनी सेक्रेटरींना पुन्हा पुन्हा सांगितलं, पण तोंडी सांगितलं. झाडाला पहिली नोटीस गेली, दुसरी गेली, अंतिम गेली. शेवटी आदेश निघाला: येत्या रविवारी सकाळी, सर्वांच्या सोयीने, माळीबुवांनी झाड तोडावं.

मावशी बैठकीत येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, आमच्या पद्धतीत राहू द्या म्हणणारं एक माणूस असतं. ते तुम्ही ठेवलंच नाही. आणि वर आमच्याच हातात कुऱ्हाड देताय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो आम्हीच व्हायचं का?"

सेक्रेटरी न्यायी आहेत. त्यांनी तिथल्या तिथे पोटकलम घातलं: तोडणीच्या वेळी उपस्थितांपैकी कोणीही (रहिवासी असण्याची अट नाही) 'राहू द्या' असं स्पष्ट म्हटल्यास झाडाला पुढच्या बहरापर्यंत जीवदान मिळेल. फक्त मावशींचं म्हणणं धरलं जाणार नाही, कारण तोडणारा त्यांचा नवरा आहे.

"दोनच शब्द आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "कोणीही म्हणेल."

मावशी घरोघर गेल्या. सगळ्यांनी धीर दिला. "म्हणजे काय, कुणीतरी म्हणणारच." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर त्यांचे हात हातात घेतले. "अगं, मी म्हटलंच असतं. पण आधी दुसऱ्या कुणी म्हटलं ना, की मी लगेच त्याच्या मागून म्हणेन बघ."

यात काकूंचा दोष नाही. आमच्याकडे जो बोलेल त्याच्या गळ्यात काम पडतं. एका गृहस्थांनी मागे एका सभेत 'जिन्यातला नळ गळतोय' एवढंच म्हटलं. तेव्हापासून ते पाणी उपसमितीचे निमंत्रक आहेत, आणि घरी ते इतके कमी असतात की घरचे त्यांना चपलांवरून ओळखतात. 'राहू द्या' म्हणणाऱ्याला लिंबू उपसमिती लागणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

रविवारी झाडून सगळे हजर होते. खुर्च्या मांडल्या होत्या. मोबाइल वर झाले. मला झाडाला लागूनच टेबल दिलं होतं. माळीबुवांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "तोडतोच आता तुला." त्यांनी कुऱ्हाड उगारली आणि सवयीने थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा हात कुणी धरला नाही.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या.

"हे धरू नये," सेक्रेटरी मला म्हणाले.

"अहो राहू द्या ना," मावशी पुन्हा म्हणाल्या. आता त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर शेजाऱ्याविषयी पूर्ण विश्वास होता. पाणी उपसमितीच्या निमंत्रकांनी तोंड उघडलं, पण नळ आठवून मिटलं. काकू कुणाच्या तरी मागून म्हणायला टपून बसल्या होत्या, पण पुढे कुणी जाईना.

आता इथे मला एक गोष्ट नमूद करायची आहे. टेबल झाडाला लागून असल्याने खालच्या फांदीवर, नोटिशीच्या पिशवीच्या आड, मला एक कळी दिसली. पांढरी, टोकाला किंचित जांभळी, आणि तिच्या शेजारी आणखी दोन. बुवांनी डोळे घट्ट मिटले होते. मावशी पाठमोऱ्या झाल्या होत्या. बाकीचे सगळे कुऱ्हाडीकडे बघत होते. मी बोलू शकत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. म्हणून मी ते इथे लिहिलं.

म्हणजे कळीची माहिती असलेली माणसं सध्या दोन आहेत, मी आणि तुम्ही. माझ्यापुढच्या कागदावर 'हरकत' या शब्दापुढे जागा कोरी आहे. रहिवासी असण्याची अट नाही. कुऱ्हाड अजून वरच आहे. मी पेन उघडून तुमच्याकडे बघतो आहे, आणि तुम्ही कुऱ्हाड पडते की नाही ते बघायला पुढच्या ओळीवर आलात.

या, बसा. पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवली होती तुमच्यासाठी.