आकृती बसता बसेना

प्रदीपला संध्याकाळी पाचच्या आत आपला प्रबंध अरुंधती मॅडमना, म्हणजे त्याच्या मार्गदर्शकांना, पाठवायचा होता. नाहीतर पीएचडी पुढच्या वर्षावर गेली असती, आणि ही पुढची वर्षं आजवर बरीच झाली होती. प्रबंध तयार होता. अडलं होतं एका आकृतीपाशी. न्हावा शेवा बंदराकडे जाणारे ट्रक कुठे तुंबतात, ते दाखवणारे गोल आणि बाण.

प्रबंध लाटेक नावाच्या छपाईजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेला. त्यात आकृती काढायला टिक्झ नावाचं पॅकेज लागतं. ते आधी सापडेना. सापडलं तर म्हणे जुनं आहे. नवं घातलं तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आले. अक्षरं परतली तेव्हा बाण गेले. प्रत्येक प्रयोगाला अख्खा प्रबंध नव्याने जुळायचा, त्यात वेळ जायचा. म्हणून प्रदीपने सगळ्या प्रकरणांपुढे टक्क्याचं चिन्ह टाकून त्यांना तात्पुरतं झोपवलं; चिन्ह असलेला मजकूर लाटेक वगळतं. आकृती अडल्याचं मॅडमना सकाळीच कळवलं होतं, आता फोनचाही आवाज बंद केला.

“काय रं, जेवाला येतस का नाय?” आई, हौसाबाई, दारातून म्हणाली.

“एक बाण राहिलाय, आई.”

“हातानं काढ ना! येवढुसा तर हाय.”

दुपार कलली आणि बाण उमटला. प्रदीप बघतच राहिला. निळे गोल, त्यांच्यामधून वळणं घेत गेलेले बाण. हॉर्न नाही, धूळ नाही. ट्रक खाडीतल्या होड्यांसारखे सावकाश सरकताहेत, ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून गुणगुणताहेत, असं त्याला वाटायला लागलं. इतकं देखणं काही त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. त्याच तंद्रीत त्याने फाइल पाठवली, फोनचा आवाज सुरू केला आणि कोलंबीच्या गार कालवणाचं ताट पुढे ओढलं.

लगेच फोन वाजला.

“प्रदीप, आकृती सुरेख आहे,” मॅडम म्हणाल्या.

“थँक्यू, मॅडम!”

“प्रबंध कुठाय?”

घास तोंडातच राहिला. प्रकरणं झोपलेलीच होती! त्याने भराभर चिन्हं पुसली. प्रबंध आला, आकृती गेली.

“मॅडम, प्रकरणं आली की आकृती जाते, आकृती आली की...”

“अरे, मग दोन फाइली पाठव! आकृती शेवटी वेगळी जोडलेली चालते आपल्याकडे. सकाळपासून तेच सांगायला फोन करतेय.”

पाचच्या आत दोन्ही फाइली गेल्या.

“झालं का रं बाबा?”

“झालं, आई.” प्रदीपने लॅपटॉप पुन्हा जवळ ओढला.

“मंग आता काय उघडतस?”

“आता घाई नाही ना. आकृती निवांत आत बसवून बघतो.”

हौसाबाईने ताट उचललं आणि कालवण परत गॅसवर ठेवलं. या वेळी अगदी मंद आचेवर.